लिनक्सवर नीट चालणारा माउस कोणता घ्यावा?

दुपारची झोप

नमस्कार मंडळी,

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. म्हणून भाच्याने विंडोज पुसून त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं. मिंट आवडलं. हिशेबाचं काम लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये होतं, बँकेच्या साइट्स फायरफॉक्समध्ये उघडतात, तक्रार नाही.

अडलंय ते माउसवर. जुना माउस एकदा दाबला की दोनदा क्लिक होतं, त्यामुळे नवीन घ्यायचाच आहे. इथे साताऱ्यात दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "खोक्यावर विंडोज लिहिलंय. लिनक्सची गॅरंटी माझ्याकडे मागू नका."

तर जाणकारांनी सांगावं: वायरचा घ्यावा की बिनवायरचा? बिनवायरचा असेल तर ब्लूटूथ की ती यूएसबीत खोचायची छोटी डोंगल? अंगठ्याजवळची बटणं लिनक्सवर चालतात का? मी गेम खेळत नाही, पण अर्धा दिवस लांबलचक शीट वर-खाली करण्यात जातो, म्हणून चाक चांगलं हवं. बजेट दीड हजार, फार तर थोडं वर.

कडीपत्ता

यूएसबी आहे ना? खोचा आणि वापरा. धागा संपला.

बोळातला

इतक्यात कुठे संपतोय. लिनक्सचा धागा आहे, शंभरी गाठणार. मी खुर्ची घेऊन बसलोय.

शून्य_एक

कडीपत्तांचं म्हणणं बरोबर आहे, घाईत कारण तेवढं गाळलं त्यांनी.

यूएसबी माउससाठी एचआयडी नावाचं एक सामाईक प्रमाण आहे. माउस खोचला की तो स्वतःच संगणकाला आपली ओळख करून देतो: मला इतकी बटणं आहेत, एक चाक आहे, हलल्याचे आकडे अमुक पद्धतीने पाठवीन. लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, एचआयडी ड्रायव्हर ते वर्णन वाचतो आणि काम सुरू करतो. कंपनी कुठली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डावं-उजवं बटण, चाक, चाक दाबल्यावरचं मधलं बटण आणि अंगठ्याजवळची मागे-पुढे बटणं, एवढं सगळं काहीही इन्स्टॉल न करता चालतं.

अडतं ते कंपनीने आपल्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर सोपवलेल्या कामांपाशी. डीपीआय (हात हलला की बाण किती लांब जावा ते) बदलणं, एखाद्या बटणाला भलतंच काम देणं, दिव्यांचे रंग, जेश्चर बटण वगैरे. ते सॉफ्टवेअर बहुतेक वेळा लिनक्ससाठी नसतंच. त्यामुळे दुकानात "लिनक्सला चालतो का" असं विचारूच नका. डीपीआयचं बटण माउसवरच आहे का, आणि केलेलं सेटिंग माउसच्या स्वतःच्या मेमरीत राहतं का, हे विचारा. दोन्हीचं उत्तर हो असेल तर त्याला तुमच्याकडे कुठली प्रणाली आहे याने फरक पडत नाही.

आणखी एक खूण. खोक्यावर विंडोजशेजारी क्रोमओएस लिहिलेलं असेल तर निर्धास्त उचला. क्रोमओएसच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे.

बोळातला

साताऱ्यात "कर्नल" म्हटलं तर दुकानदार मिलिटरी कँटीनचा पत्ता देईल.

तात्या टर्मिनल

वायरचा घ्या, सुखी राहा. सेल बदलायला नको, डोंगल हरवायला नको, पेअरिंगची कटकट नको. डेलचा एमएस११६ बघा, निम्म्या ऑफिसांत तोच दिसतो. दीड हजारात तीन-चार येतील, एक वापरा, बाकीचे रुखवतात मांडा.

आमच्या कोल्हापुरातल्या लॅबमधली सगळी मशीनं उबुंटू लिनक्सवर आहेत आणि सगळीकडे असलेच साधे माउस. ड्रायव्हर हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. पोरं माउस चोरून नेतात तेवढीच अडचण.

अर्धविराम

तात्या, या जमान्यात वायर कसली घेऊन बसलात? माझ्या लॅपटॉपला दोनच पोर्ट आहेत, एकात चार्जर, दुसऱ्यात डिस्प्ले. मी फेडोरा लिनक्सवर ब्लूटूथ माउस वापरते, एकदा पेअर केला तो केला. लोक उगीच ब्लूटूथला घाबरतात.

शून्य_एक

@अर्धविराम, फेडोरा एकटंच असेल तर सहमत. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर मात्र ब्लूटूथ डोकं खातं. पेअरिंग करताना जी गुप्त किल्ली तयार होते ती त्या-त्या प्रणालीत साठवली जाते. संगणकाचा ब्लूटूथ पत्ता दोन्हीकडे तोच, पण किल्ली वेगळी. मग विंडोजमध्ये जोडलं की लिनक्समधली किल्ली निकामी, लिनक्समध्ये जोडलं की विंडोजमधली. एका बाजूची किल्ली काढून दुसऱ्या बाजूच्या फायलीत हाताने लिहिता येते, पण हौस असेल तरच.

डोंगलमध्ये हा घोळ नाही. पेअरिंग डोंगलच्या आतच असतं, संगणकाला तो साधा यूएसबी माउस वाटतो. अगदी बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावरसुद्धा चालतो.

दुपारची झोप

विंडोज पूर्ण पुसलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण लॅपटॉप जुना आहे, त्याचं ब्लूटूथ फोनलाच धड जोडलं जात नाही. म्हणजे वायर किंवा डोंगल.

फ्रँकफुर्टची वारी

डोंगल घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ती निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात खोचू नका, आणि शेजारच्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल तर मुळीच नको. यूएसबी ३ वर डेटा धावत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो आणि बिनवायरचे माउस नेमके तिथेच बोलतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर शोधनिबंधही काढला होता. लक्षण ठरलेलं: बाण अडखळत चालतो, फाइल कॉपी संपली की आपोआप सुधारतो. लोक लिनक्सला शिव्या देत ड्रायव्हर शोधत बसतात. वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल लांब नेली की काम होतं.

कडीपत्ता

अरे देवा. बॅकअप घेताना माउस का लंगडतो ते आत्ता कळलं. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, धाग्यात घुसतो, माफी असावी. माझा माउस वायरचाच आहे. दोन-चार सेकंद हात काढला का झोपी जाते. मंग हलवला तरी उठत नाही, क्लिक केल्यावरच जागा होते. आधी नव्हतं असं. लाइट पण बंद होते खालचा. माउस गेला म्हणायचा का?

शून्य_एक

भाऊ, माउस ठणठणीत आहे. लॅपटॉपची बॅटरी वाचवायला पॉवरटॉप घातलं होतं का? त्याचा ऑटो-ट्यून चालवला की तो सगळ्या यूएसबी उपकरणांना ऑटोसस्पेंड लावतो, म्हणजे वापर नसला की आपोआप झोपवतो, माउसलाही. पॉवरटॉपच्या ट्यूनेबल्स यादीत जाऊन माउसपुढचं "गुड" परत "बॅड" करा. त्याच्या भाषेत बॅड म्हणजे आपल्याला गुड. त्याऐवजी टीएलपी हे बॅटरी वाचवायचं दुसरं साधन वापरलं तर ते कीबोर्ड-माउसला आधीच वगळतं.

वऱ्हाडी ठेचा

पॉवरटॉपच होतं! काढून फेकलं. बॅटरी गेली खड्ड्यात, माउस जागा झाला. लय धन्यवाद.

निळीशाई

सगळे डोंगल आणि पोर्टात अडकलेत. चाकाबद्दल कुणी बोलेना, आणि काकांनी विचारलंय ते चाकाचंच.

विंडोजवरून आलेल्यांना लिनक्सवरची एक सोय ठाऊक नसते. मजकूर नुसता सिलेक्ट करा, दुसरीकडे जा, चाक दाबा: तो मजकूर तिथे उमटतो. कंट्रोल-सी नाही, कंट्रोल-व्ही नाही. आणि हे कंट्रोल-सीच्या क्लिपबोर्डपासून वेगळं आहे, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी हातात ठेवता येतात. कॅल्कमधून खाते क्रमांक उचलून दुसरीकडे टाकायला काकांना फारच उपयोगी पडेल. एकदा सवय लागली की विंडोजवर हात लुळा पडल्यासारखं होतं.

म्हणून लिनक्ससाठी माउस निवडताना मी सगळ्यात आधी चाक दाबून बघते. काहींचं इतकं घट्ट असतं की दाबताना चाक फिरतंच आणि भलतीकडे पेस्ट होतं. काही मॉडेलांत तर चाक दाबलं की ते मोकळं फिरायला लागतं आणि मधलं बटण वेगळं, चाकाच्या मागे दिलेलं असतं. खोक्यावरच्या चित्रात हे कळत नाही. दुकानात हातात घेऊन दाबा.

तात्या टर्मिनल

+१ निळीशाई. मधल्या बटणाचं पेस्ट हे एकच कारण पुरे आहे लिनक्स वापरायला.

अर्धविराम

आणि तेच कारण पुरे आहे लिनक्स सोडायला. स्क्रोल करताना बोट जड पडलं आणि मघाशी सिलेक्ट केलेलं भलतंच काहीतरी ऑफिसच्या चॅटमध्ये पडलं, असं माझ्या मैत्रिणीचं झालंय. काय पडलं ते विचारू नका. लिनक्सच्या गनोम डेस्कटॉपवर असाल तर गनोम ट्वीक्समध्ये मिडल क्लिक पेस्ट बंद करण्याची कळ आहे. नवीन मशीनवर मी आधी ती दाबते.

निळीशाई

बोट जड तुमच्या मैत्रिणीचं, दोष चाकाला.

बोळातला

सुरुवात झाली. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कुणीतरी काकांना माउसचं नाव सांगा.

जुनाट खोका

मधल्या बटणाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर.

आजच्या पोरांना "खोचा आणि वापरा" म्हणायला सोपं आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, ती घालून आम्ही बसायचो. माउसला गोळी, शेपटीला सिरियल नाहीतर पीएस/२ ची पिन. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्सफ्री८६ च्या कॉन्फिग फायलीत माउसचा प्रोटोकॉल आपण सांगायचा. चाकाचा असेल तर "आयएमपीएस/२" लिहा, नाहीतर चाक मेलेलं. त्याच्याखाली "झेड-अ‍ॅक्सिस मॅपिंग ४ ५" अशी ओळ. म्हणजे चाक वर फिरलं तर चौथं बटण दाबलं असं समज, खाली फिरलं तर पाचवं. ही ओळ विसरली की चाक नुसतं शोभेला.

युनिक्सच्या मशीनला तीन बटणांचे माउस असायचे, आपल्याकडे बाजारात दोन बटणांचे. त्यावर तोडगा म्हणजे "एम्युलेट थ्री बटन्स": डावं-उजवं एकदम दाबा, ते मधलं धरलं जाईल. आमचे एक सर दोन्ही बटणं अशी काही दाबायचे की तबल्यावर ठेका धरलाय असं वाटे.

प्रोटोकॉल चुकला तर बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि आपण कीबोर्डवरून कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेस दाबून ते सगळं बंद करायचं. आता माउस कुठला घ्यावा यावर चर्चा होते आहे, हेच मला सुखाचं वाटतं.

कडीपत्ता

खोकाकाका, गोळी काढून आतल्या रोलरवरचा मळ नखाने खरवडण्याबद्दल राहिलं.

जुनाट खोका

ते सुख वेगळं. त्याला शब्द नाहीत.

ठाणेकर काकू

गोळीवाले माउस गेलेत कुठे? मी आजही गोळीच वापरते, फक्त ती वरच्या बाजूला आहे. ट्रॅकबॉल! आमच्या घरात टेबलावर शिवणयंत्र, माझा लॅपटॉप आणि नातवाची वह्या-पुस्तकं एवढं सगळं नांदतं, माउस फिरवायला जागाच नाही. ट्रॅकबॉल एका जागी बसतो, अंगठ्याने गोळी फिरवायची. मनगट दुखायचं थांबलं हा माझा अनुभव, डॉक्टरकी नाही.

डेबियन लिनक्सवर लावल्याबरोबर चालला. लॉजिटेकचा एर्गो एम५७५ आहे. गोळी खालून बोटाने ढकलली की बाहेर येते, महिन्याकाठी पुसायची. दिवाळीच्या साफसफाईची वाट बघू नये.

शून्य_एक

काकू, दंडवत. ट्रॅकबॉलवाल्यांसाठी पुरवणी: एलेकॉम कंपनीच्या काही ट्रॅकबॉलचं स्वतःबद्दलचं वर्णनच चुकीचं असतं, आहेत त्यापेक्षा कमी बटणं सांगतात. त्यासाठी कर्नलमध्ये वेगळा ड्रायव्हर आहे, तो ते वर्णन दुरुस्त करून घेतो. म्हणजे "एचआयडी म्हणजे सगळं आपोआप" हे बहुतांशी खरं, आणि जिथे नाही तिथे कुणीतरी आधीच खपलेलं असतं.

डावखुरी

माझ्यासारख्या डाव्या हाताच्यांसाठी कुणीच लिहीत नाही. "एर्गोनॉमिक" म्हणून जे विकतात ते सगळे उजव्या हाताच्या साच्यात ओतलेले. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस घ्या आणि सेटिंगमध्ये प्रायमरी बटण उजवं करा. गनोममध्ये त्याबरोबर टचपॅडचंही बटण फिरतं, तेवढं लक्षात ठेवा. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये प्रत्येक उपकरणाला वेगळं सेटिंग देता येतं, घरात एकच मशीन दोघं वापरत असतील तर ते बरं.

उभ्या माउसमध्ये लॉजिटेक लिफ्टची डावी आवृत्ती निघते. बजेटच्या बाहेर आहे, पण निघते हे काय कमी.

फ्रँकफुर्टची वारी

महागड्या माउसबद्दल माझे दोन पैसे, म्हणजे सेंट.

ऑफिसने लॉजिटेकचा एमएक्स मास्टर ३एस दिला आहे. इथे सगळे लिनक्सवर. लॉजिटेकचं सेटिंगचं सॉफ्टवेअर, ऑप्शन्स प्लस, लिनक्ससाठी नाही. तरी बाण, दोन्ही चाकं, मागे-पुढे हे सगळं पहिल्या मिनिटापासून चालतं. अंगठ्याचं आडवं चाक रुंद शीटसाठी फार छान. बाकीच्यासाठी लोकांनी बनवलेली दोन साधनं आहेत. सोलार: यात खिडकी आहे, बॅटरी किती उरली दिसते, डीपीआय आणि चाक कधी मोकळं सुटावं हे ठरवता येतं, नवीन डोंगलला माउस जोडता-तोडता येतो. दुसरं लॉजिऑप्स: खिडकी नाही, कॉन्फिग फाइल लिहायची, पण जेश्चर बटणावरून वर-खाली-डावीकडे ओढण्याचे प्रकार त्यात नीट बसवता येतात.

एक मेख आहे. सोलारमधलं बरंचसं सेटिंग माउसमध्ये टिकत नाही. माउस बंद करून चालू केला की सोलार ते पुन्हा पाठवतं, म्हणून ते लॉगिनबरोबर सुरू व्हायला हवं. शिवाय लिनक्सवर पडदा आणि खिडक्या सांभाळणाऱ्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. सोलारचे नियम एक्स११ वर पूर्ण चालतात, वेलँडवर काही मर्यादा आहेत.

एवढं करून हिशेबाच्या कामासाठी हा घ्या असं मी म्हणणार नाही. दीड हजाराच्या कितीतरी पुढे जातो.

रंगीत दिवे

माउसला दिवे नसतील तर तो माउस कसला? रेझर कंपनीचे माउस वापरणाऱ्यांसाठी ओपनरेझर हा ड्रायव्हर आहे आणि त्यावर पॉलिक्रोमॅटिक ही खिडकी. सगळे रंग लिनक्सवर.

शून्य_एक

खरंय, पण पूर्ण सांगा की. ओपनरेझर कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडलेला तुकडा, म्हणून बसतं. कर्नल अपडेट झाला की ते पुन्हा बांधावं लागतं. त्याला लागणाऱ्या हेडर फायली नसतील किंवा सिक्युअर बूट (सही नसलेलं अडवणारी सोय) चालू असून मॉड्यूलवर सही नसेल तर दिवे नाहीत. बाण मात्र चालूच राहतो, कारण तो साध्या एचआयडीवर आहे.

त्यापेक्षा माउसची सेटिंगं बदलणारं लिबरॅटबॅग आणि त्याची खिडकी पायपर हा मार्ग मला जास्त पटतो. ते माउसच्या आतल्या मेमरीत लिहितात. एकदा डीपीआय आणि बटणं ठरवली की पायपर काढून टाकलं तरी चालतं, तोच माउस दुसऱ्या मशीनला लावला तरी सेटिंग बरोबर जातं. चालणाऱ्या माउसची यादी प्रकल्पाच्या पानावर आहे, खरेदीआधी ती बघा. लॉजिटेकचे जी१०२ आणि जी३०४ हे आपल्याकडे सहज मिळणारे दोन त्यात बसतात. पहिला वायरचा, दुसरा डोंगलचा, त्यात एक एए सेल लागतो.

"मी गेम खेळत नाही" म्हणून गेमिंगचे माउस टाळू नका. सेटिंग माउसच्या पोटात ठेवायची पद्धत तिथेच जास्त रुळलेली आहे, आणि आपल्याला हवी आहे तीच. जी३०४ ला दिवेही नाहीत.

रंगीत दिवे

निषेध.

निळीशाई

बाण जरा जास्तच चुरूचुरू पळतो असं मिंटवर वाटलं तर माउसला दोष देण्याआधी सेटिंगमध्ये अ‍ॅक्सिलरेशन बघा. अ‍ॅडॅप्टिव्ह असेल तर हात जितका जोरात तितका बाण जास्त लांब जातो. फ्लॅट केलं की हात जेवढा हलला तेवढाच बाण. विंडोजमधली सवय दोन्हीपैकी कशाशीच तंतोतंत जुळत नाही, दोन-तीन दिवस द्यावे लागतात.

अर्धविराम

आणि काकांचा जुना माउस? एका दाबात दोन क्लिक म्हणजे आतल्या मायक्रोस्विचची पत्ती थकली. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडून स्विच बदलून घेता येतो, सोल्डरिंगचं काम आहे. गंमत म्हणजे लिनक्समधलं माउस-कीबोर्ड सांभाळणारं लिबइनपुट अशा फसव्या क्लिक ओळखून गाळतं, त्यामुळे विंडोजवर जो माउस छळतो तो लिनक्सवर काही दिवस शहाणा वाटू शकतो. स्विच खरोखरच गेला असेल तर तेही पुरत नाही.

ठाणेकर काकू

अर्धविराम, तुम्ही ब्लूटूथवाल्या असूनही बरं लिहिता हो.

तात्या टर्मिनल

बिनवायरवाल्यांनो, सुरक्षेचं कुणी बोललंच नाही. २०१६ मध्ये बॅस्टिल या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी माउसजॅक नावाची त्रुटी दाखवली होती. अनेक कंपन्यांच्या डोंगल माउसचा संदेश कुलूप न लावताच घेत होत्या. दुरून कुणीतरी माउस असल्याचं भासवून कळा दाबल्याचा संदेश पाठवायचा आणि संगणक तो मुकाट्याने मानायचा. माझ्या वायरीला असला रोग नाही.

फ्रँकफुर्टची वारी

तात्या, रोग खरा आणि औषधही आहे. लॉजिटेकने त्या डोंगलचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) दुरुस्त केलं आणि ते लिनक्सवरून एफडब्ल्यूयूपीडी या साधनाने चढवता येतं, विंडोज लागत नाही. मिंटमध्ये टर्मिनल उघडून एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर, पुढे गेट-अपडेट्स. इथे देवनागरीत लिहिलंय, टाकताना रोमन अक्षरं, नाहीतर उद्या "कमांड नॉट फाउंड" असा नवा धागा निघायचा. अपडेट मिळतंय का, हाही खरेदीचा एक निकष धरा. बिननावाच्या स्वस्त डोंगलला कोण विचारतो.

बोळातला

काका आहेत का जागे? आयडी बघता शंका येते.

दुपारची झोप

जागा आहे! सगळं वाचलं, काही डोक्यावरून गेलं, पण बरंच उतरलं. काल पुण्याला मुलीकडे आलो होतो, तपकीर गल्लीत जाऊन आलो. तिथे लिनक्स हा शब्दच काढला नाही. डीपीआयचं बटण कुठाय, आतली मेमरी आहे का, एवढंच विचारलं. दुकानातल्या मुलाने मला गेमर समजून एकदम तीन माउस पुढे ठेवले. तिन्हींची चाकं दाबून बघितली.

जी३०४ घेतला. बजेटच्या थोडा वर गेला, पण जावई म्हणाले घ्या. घरी येऊन डोंगल काळ्या पोर्टात लावली, लगेच चालला. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये पायपर मिळालं, डीपीआय कमी करून ठेवला. बाजूच्या बटणांनी फायरफॉक्समध्ये मागे-पुढे जाता येतं. मधल्या बटणाने खाते क्रमांक चिकटवायला शिकलोय, निळीशाई ताईंचे आभार.

आता एकच राहिलं. शीट खाली न्यायला चाक खूप वेळा फिरवावं लागतं. एका खटक्याला जास्त ओळी सरकाव्यात असं सेटिंग पायपरमध्ये कुठे आहे?

शून्य_एक

पायपरमध्ये नाही. एका खटक्याला किती सरकायचं हे माउस ठरवत नाही, संगणकाकडचं सॉफ्टवेअर ठरवतं. केडीईच्या वेलँडवर त्याची पट्टी असते, मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये मला सापडलेली नाही. तुमचं सिनॅमन एक्स११ वर असणार, तिथे इमव्हील नावाचं छोटं साधन चालेल. घरच्या फोल्डरमध्ये त्याची छोटी फाइल करायची आणि एका खटक्याचे तीन किंवा चार खटके मोजायला सांगायचं.

फायरफॉक्समध्ये ते न घालताही जमतं. अबाउट कॉन्फिग या त्याच्या आतल्या सेटिंगच्या पानावर माउसव्हील डिफॉल्ट डेल्टा मल्टिप्लायर वाय असं एक मूल्य आहे. ते १०० असतं, २०० केलं की दुप्पट. शिवाय तिथे ऑटोस्क्रोल लिनक्सवर मुळात बंद असतं, प्रेफरन्सेसमध्ये चालू करा. मग पानावर चाक दाबून माउस खाली नेला की पान आपोआप सरकतं, विंडोजवर सरकायचं तसं.

दुपारची झोप

भाच्याला फोनवर धरून इमव्हील घातलं. शीट आता झरझर जाते. पण बाजूची मागे-पुढे बटणं बंद पडली!

शून्य_एक

पडणारच. इमव्हील चाकाबरोबर ती बटणंही स्वतःच्या ताब्यात घेतं. सुरू करताना त्याला वजा-बी हा पर्याय द्या आणि पुढे ४ आणि ५ हे आकडे, जोडून. म्हणजे तेवढ्यालाच हात लावील, बाकीची बटणं सोडेल.

कडीपत्ता

हे ४ आणि ५ म्हणजे खोकाकाकांच्या कॉन्फिग फायलीतलेच का?

जुनाट खोका

तेच. चाक वर चार, खाली पाच. एक्स११ अजून तसंच मोजतं.

दुपारची झोप

४५ टाकलं. बटणंही चालतात, चाकही पळतंय.